बिनचष्म्याचं काय बघायचंय?



स्मृती व्याख्यानाला चष्मेवाल्याला कशाला बोलावलं, असं पत्रिका वाचून काहींना वाटलं असेल. मलाही वाटलं. नाशिकच्या या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना विचारलं तर म्हणाले, "विषय मोतीबिंदूचा आहे. डॉक्टरांचं लोक मान डोलवून ऐकतात आणि शंका तुमच्या दुकानात येऊन विचारतात. मग तुम्हीच बोला." मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर माणूस त्या डोळ्यानं काय करतो, हे डॉक्टरांपेक्षा चष्मेवाल्याला जास्त कळतं.

माझ्याकडे माणूस दोनदा येतो. ऑपरेशनच्या आधी येतो तेव्हा हातात दवाखान्याचा कागद असतो. त्यावर तीन-चार लेन्सची नावं आणि पुढे चढत्या क्रमानं रुपये. "यातली चांगली कुठली?" असं विचारतो. पुढे महिन्या-दीड महिन्यानं येतो तो नंबरचा कागद घेऊन. कुणी म्हणतं, "काय सांगू, भिंतीवरची पाल दिसते आता!" आणि कुणी हळूच म्हणतं, "सगळे म्हणतात ऑपरेशन छान झालं, पण मला वाचताच येत नाही." या दुसऱ्या माणसाचं ऑपरेशन खरंच छान झालेलं असतं. त्यानं लेन्सची किंमत विचारली, कंपनी विचारली, वॉरंटीसुद्धा विचारली. दिवसभरातलं कुठलं काम चष्म्याशिवाय करायचंय, एवढं मात्र त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. आज मला हेच सांगायचंय.

ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे ते मास्तर माझे गिऱ्हाईक. शाळकरी वयापासून मायनसचा चष्मा. दिवसभर तो नाकावर, आणि रात्री अंथरुणात पडलं की चष्मा उशाला, पुस्तक डोळ्यांजवळ. मायनसवाल्यांना निसर्गानं दिलेली ही सवलत आहे, जवळचं त्यांना उघड्या डोळ्यांनी दिसतं. मोतीबिंदू झाला तेव्हा डॉक्टर कौतुकानं म्हणाले, "मास्तर, आता लांबचं लख्ख दिसेल. चष्मा सुटला!" मास्तर म्हणाले, "लांबच्याला मी जन्मभर चष्मा लावलाय, अजूनही लावीन. पण रात्री पुस्तकाला चष्मा लागायला लागला तर माझ्यानं वाचन होणार नाही." डॉक्टर समंजस होते. त्यांनी मुद्दाम मायनस अडीच नंबर राहील अशी लेन्स निवडली. मास्तर शेवटपर्यंत रात्री उशाशी चष्मा काढून ठेवत आणि वाचत. असं करता येतं, हेच पुष्कळांना माहीत नसतं.

माहीत नसण्याला कारणही आहे. निवड करण्याची सोय आपल्याकडे आली त्याला फार काळ लोटलेला नाही. इथे पांढऱ्या केसांची मंडळी बरीच दिसताहेत. त्यांना आजीचा सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा आठवत असेल. त्या काळी मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढून टाकायचे आणि तिथे काहीच बसवायचे नाहीत. डोळ्यातून गेलेली ताकद बाहेरून, प्लस दहा-बारा नंबरच्या काचेतून द्यायची. त्या काचेतून सगळं जवळजवळ पाव पटीनं मोठं दिसे. पेला धरायला गेलेला हात अलीकडेच थांबे. दरवाज्याच्या चौकटी वाकलेल्या दिसत. काचेच्या कडेला गोल पट्टाभर काही दिसतच नसे, त्यामुळे बाजूनं येणारा माणूस एकदम अंगावर आल्यासारखा वाटे. आणि एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर एका डोळ्याला मोठं, दुसऱ्याला लहान, मेंदू दोन्ही चित्रं जुळवणार कशी? म्हणून दोन्ही डोळे पुरते जाईपर्यंत थांबायचं. "मोतीबिंदू पिकू द्या" हे वाक्य त्या काळातलं आहे. तेव्हा ते शहाणपणाचं होतं. आता नाही. जास्त पिकलेलं भिंग लाकडासारखं कडक होतं, काढायला त्रास होतो, आणि कधी कधी तेच डोळ्यातला दाब वाढवून कायमची नजर घेऊन जातं. काळ बदलला, वाक्य मात्र अजून घरोघरी तसंच चाललंय.

डोळ्याच्या आतच भिंग बसवायची कल्पना कुठून आली, ते ओझरच्या एचएएल विमान कारखान्यात हयात घालवलेल्यांना विशेष आवडेल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांच्या कॉकपिटवर पर्स्पेक्सचं, म्हणजे ॲक्रिलिकचं, पारदर्शक झाकण असे. गोळी लागली की त्याच्या ठिकऱ्या वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत. लंडनच्या हॅरल्ड रिडले या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की या ठिकऱ्या डोळ्यात वर्षानुवर्षं राहिल्या तरी डोळा चिडत नाही, त्यांना परकं मानत नाही. मग त्याच पदार्थाचं भिंग का बसवू नये? 29 नोव्हेंबर 1949 या दिवशी सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी एका बाईंच्या डोळ्यात पहिली लेन्स बसवली. डोळ्यानं लेन्स स्वीकारली. नंबर मात्र आला मायनस अठरा! नैसर्गिक भिंगाचा आकार त्यांनी हुबेहूब घेतला होता, पण ॲक्रिलिक प्रकाशाला जास्त वाकवतं, हा हिशेब चुकला होता. लेन्स उत्तम, शस्त्रक्रिया उत्तम आणि नंबर भलताच. आपल्या आजच्या विषयाची सुरुवातच अशी आहे. नामवंत नेत्रतज्ज्ञांनी रिडले यांना पुढे अनेक वर्षं नावं ठेवली. म्हातारपणी त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत अशाच लेन्स बसल्या आणि 2000 साली त्यांना सर हा किताबही मिळाला.

आपल्याकडे ही लेन्स फार दिवस पैसेवाल्यांची वस्तू होती. तमिळनाडूत मदुराईला डॉ. वेंकटस्वामी यांनी 1976 साली अरविंद रुग्णालय काढलं होतं. त्याच संस्थेनं 1992 मध्ये ऑरोलॅब हा कारखाना सुरू केला आणि परदेशी लेन्सच्या अगदी थोड्या किमतीत देशी लेन्स मिळायला लागली. 1994च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीनं सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा कार्यक्रम चालू झाला, त्यात महाराष्ट्र होता. शिबिराच्या रुग्णालाही लेन्स मिळू लागली. वरोऱ्याला आनंदवनात तेव्हा जे. जे. रुग्णालयात असलेले डॉ. तात्याराव लहाने, डॉ. रागिणी पारेख आणि त्यांची मंडळी वर्षानुवर्षं शिबिरं घेत आली. तिथून कुष्ठरोगी आणि आदिवासी लेन्स बसवून, बघत घरी गेले. माझ्या दुकानातलं चित्रही याच काळात पालटलं. प्लस दहाच्या जाड काचा आधी कमी झाल्या, मग मागवणंच बंद केलं. धंदा बुडाला म्हणून इतका आनंद मला दुसऱ्या कशानं झालेला नाही.

तरी काम संपलेलं नाही. 2015 ते 2019 या काळात देशभर झालेल्या पाहणीत पन्नाशीपुढच्या माणसांच्या अंधत्वाचं कारण शंभरातल्या सहासष्टांमध्ये मोतीबिंदू हेच निघालं. सुरगाणा-पेठच्या पाड्यावर बसलेल्या म्हातारीला मी आज जे लेन्सचे प्रकार सांगणार आहे त्याचा काही उपयोग नाही. तिला जिल्हा रुग्णालयापर्यंत घेऊन जाणारा माणूस हवा आहे. तिथे ऑपरेशन आणि साधी लेन्स मोफत मिळते, आणि ती साधी लेन्स अजिबात कमअस्सल नसते.

आता अंतरांकडे येऊ. आपल्या स्वतःच्या भिंगाला तरुणपणी लांबचं-जवळचं आपोआप जुळवून घेता येतं. चाळिशीत ते ताठर होतं म्हणून वाचायचा चष्मा लागतो. बसवलेल्या साध्या लेन्सला जुळवून घेता येतच नाही. तिला एकच अंतर नेमून दिलेलं असतं. ते कुठलं, हे ऑपरेशनच्या आधी ठरतं. नंबर शून्य ठेवला तर लांबचं स्वच्छ: एसटीची पाटी, समोरून येणाऱ्याचा चेहरा, टीव्ही. जवळच्याला मात्र अडीच-पावणेतीनचा चष्मा. मायनस अडीच ठेवला तर चाळीस सेंटिमीटरवरचं स्वच्छ, म्हणजे हातात धरलेलं पुस्तक, मोबाईल, सुई-दोरा. मायनस दीड ठेवला तर साधारण पासष्ट सेंटिमीटर. हे अंतर कुणी लक्षात घेत नाही, पण घरातली निम्मी कामं तिथेच असतात: पोळपाट, संगणकाचा पडदा, भाजीची विळी, चौरंगावर ठेवलेली पोथी. त्र्यंबकेश्वरचे एक गुरुजी मला म्हणाले होते, "वर्तमानपत्र वाचायचा चष्मा तुम्ही दिलात, पण पोथीला तो चालत नाही." चष्म्याचा दोष नव्हता. वर्तमानपत्र हातात असतं आणि पोथी मांडी घालून बसलेल्या माणसापासून लांब, खाली असते. येवल्याचा पैठणी विणणारा मागावर बसतो, सराफ भिंगाखाली मान घालतो, द्राक्षबागेतला माणूस वर बघून घड विरळतो. प्रत्येकाचं अंतर वेगळं आहे. टेप घ्या, आपण रोज करतो त्या कामाचं डोळ्यापासूनचं अंतर खरोखर मोजा आणि तो आकडा डॉक्टरांना सांगा. डॉक्टर हसणार नाहीत. चांगले डॉक्टर खूश होतात.

यात सगळ्यात जास्त फसगत होते ती मायनस दोन ते चार नंबरवाल्यांची. विशेषतः बायकांची, कारण शिवण-टिपण, निवडणं-टिपणं त्या आयुष्यभर चष्मा काढून करत आलेल्या असतात. त्यांना "चष्मा सुटेल" एवढंच सांगितलं जातं. लांबचा सुटतो. जवळचा, जो कधीच नव्हता, तो लागतो. ही सवलत गेल्याचं दुःख फार विचित्र असतं. सांगितलं तर लोक म्हणतात, अहो नजर आली ना, मग रडता कशाला!

दोन्ही हवं असेल तर एक मधला मार्ग आहे. एक डोळा लांबच्यासाठी, दुसरा थोडा मायनस ठेवून जवळच्यासाठी. त्याला मोनोव्हिजन म्हणतात. मेंदू दोन्ही डोळ्यांत काम वाटून देतो. काहींना हे सुरेख जमतं, काहींना गरगरतं. मोतीबिंदू फार वाढला नसेल तर कॉन्टॅक्ट लेन्स लावून आठवडाभर आधी करून बघता येतं. मला हा मार्ग आवडतो, कारण त्यात दोन साध्या लेन्सच लागतात, जास्तीचे पैसे लागत नाहीत. बहुधा त्याच कारणानं तो फारसा सुचवलाही जात नाही.

तिरका नंबर, म्हणजे सिलिंडर, चांगला दीडच्या पुढे असेल तर तो भरून काढणाऱ्या टोरिक लेन्सचे पैसे सार्थकी लागतात, असा माझा अनुभव आहे. ती डोळ्यात ठरलेल्या कोनातच बसावी लागते. एक अंश सरकली तर तिचा साधारण तीन टक्के गुण जातो, तीस अंश फिरली तर उपयोग शून्य. म्हणून बसवणारा हात महत्त्वाचा, लेन्सचा डबा कुठल्या देशातून आला ते नंतर.

आणि मग मल्टिफोकल, ट्रायफोकल, त्या कागदावरची सर्वांत खालची आणि सर्वांत महागडी ओळ. ही लेन्स आत येणारा प्रकाश दोन-तीन अंतरांना वाटून देते. वाटून देते, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतो, हे ओघानं आलंच. बऱ्याच लोकांचा चष्मा खरंच सुटतो आणि ती मंडळी आनंदात असतात. पण रात्री दिव्याभोवती वलयं दिसतात, संध्याकाळच्या मंद उजेडात अक्षर फिकं वाटतं. मेंदूला सवय होता होता काही महिने जातात, थोड्यांना कधीच होत नाही. जो माणूस द्राक्षांचा टेम्पो घेऊन रात्री कसारा घाट उतरतो, समोरून गाड्यांच्या दिव्यांची रांग येते, त्यानं ही लेन्स घेण्याआधी दहादा विचार करावा. मागचा पडदा मधुमेहानं खराब झालेला असेल किंवा काचबिंदू असेल, त्यांनी तर मोहात पडूच नये. स्पष्ट दिसण्याचा पट्टा मध्यम अंतरापर्यंत लांबवणाऱ्या, ईडॉफ नावाच्या लेन्सही आहेत. त्यांत वलयं कमी, पण बारीक अक्षराला चष्मा लागतोच. माझं स्वच्छ मत विचाराल तर, चष्मा सुटणं ही सोय आहे, नजर नव्हे. साध्या लेन्सनंही नजर तितकीच स्वच्छ येते. चष्म्याचा ज्याला खरोखर जाच आहे त्यानं जास्तीचे पैसे जरूर घालावेत. शेजाऱ्यानं घातले म्हणून घालू नयेत. चष्मेवाला हे बोलतोय म्हणून तुम्ही हसताय ते दिसतंय मला. माझी लांबची नजर अजून शाबूत आहे.

जाता जाता एक गैरसमज. "लेझरनं केलं" असं जो तो सांगतो. बहुतेकांचं झालेलं असतं फेको. त्यात लेझर नसतो, अतिसूक्ष्म ध्वनिकंपनांनी भिंग विरघळवून ओढून घेतात. चार्ल्स केल्मन या अमेरिकन डॉक्टरांना 1960च्या दशकात दंतवैद्याच्या खुर्चीत, दात साफ करणाऱ्या यंत्रावरून ते सुचलं. लेझरची मदत घेऊन करायची पद्धत आहे, पण ती वेगळी आणि महाग. आणि सरकारी शिबिरात होणारं बिनटाक्याचं हातचं ऑपरेशन शेवटच्या नजरेच्या बाबतीत फेकोला हार जात नाही. तिरका नंबर तेवढा जरासा जास्त उरतो.

ऑपरेशनच्या आधीची मोजणी मात्र मनापासून करून घ्या. डोळ्याची लांबी आणि बुबुळाची गोलाई मोजून लेन्सचा नंबर काढतात. डोळ्याची लांबी सरासरी साडेतेवीस मिलिमीटर. तिथे एका मिलिमीटरची चूक झाली तर नंबरात अडीच-तीनचा फरक पडतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मोजणीच्या काही दिवस आधी बंद करायच्या. डोळे कोरडे पडत असतील तर आधी ते ताळ्यावर आणायचे. तरुणपणी लेसिक करून चष्मा घालवला असेल तर सांगायचं, कारण नेहमीचं गणित तिथे चुकतं. आणि पुरुष मंडळींनी एक गोष्ट लाजेनं लपवू नये. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनची गोळी चालू असेल, मागे कधी घेतली असेल, तर डोळ्याच्या डॉक्टरांना सांगा. त्या गोळीनं बाहुली ऑपरेशनच्या वेळी नीट उघडत नाही. आधी माहीत असलं तर डॉक्टर तयारीनं उतरतात.

आता ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. पहिली तक्रार गंमतशीर असते, सगळं निळं-निळं दिसतं. जुनं भिंग वर्षानुवर्षं पिवळट-तपकिरी होत गेलेलं असतं आणि आपल्याला त्याची सवय झालेली असते. ते गेलं की निळा रंग एकदम आत शिरतो. फ्रेंच चित्रकार मोने यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन 1923 साली झालं, तेव्हा ते याच रंगांच्या घोटाळ्यानं इतके वैतागले की डॉक्टरांवर उखडले. आपल्याकडे तक्रार स्वयंपाकघरातून येते. ओटा इतका कळकट होता आणि सुनेनं सांगितलं नाही! किंवा आरशात बघून, मी एवढी म्हातारी कधी झाले? दोन-चार आठवड्यांत रंग जागेवर येतात. सुरकुत्यांचं मी काही सांगू शकत नाही.

डोळ्यात खडा गेल्यासारखं टोचणं, पाणी येणं, उजेड न सोसणं हे पहिले काही आठवडे चालतं. कोरडेपणाचं असतं, थेंबांनी बसतं. काहींना कानाकडच्या बाजूला चंद्रकोरीसारखी सावली दिसते, लेन्सच्या कडेमुळे. बहुतेकांची हळूहळू जाते. ही यादी मी मुद्दाम सांगतोय. कारण कुणी सांगितलेलं नसलं की माणूस घाबरतो, "लेन्स हलली" म्हणून रात्रभर जागतो.

पथ्याची गंमत बघा. सुश्रुतानं आपल्या संहितेच्या उत्तरतंत्रात मोतीबिंदूच्या शस्त्रकर्मानंतर सांगितलंय, की रुग्णानं ढेकर, खोकला, शिंक, थुंकणं आणि अंग हलवणं टाळावं आणि उताणं पडून राहावं. तेव्हा भिंग बाहेर काढत नसत, सळईनं बाजूला ढकलत, आणि शिंकेबरोबर ते परत वर येण्याची धास्ती असे. आज फेकोची जखम दोन-अडीच मिलिमीटरची, स्वतःच मिटणारी. शिंक आली तर येऊ द्या, तोंड उघडं ठेवून शिंका. पण घराघरात पथ्य अजून सुश्रुताच्या काळातलं. म्हाताऱ्याला आठवडा-आठवडा अंधाऱ्या खोलीत, टीव्ही बंद, मोबाईल बंद, पुस्तक बंद. बघितल्यानं डोळा झिजत नाही. हवं ते वाचा. टाळायचं ते दुसरंच आहे: डोळा चोळणं, नळाचं पाणी आत जाणं, पंधरवडाभर जड उचलणं. नातवंडही जडच असतं. डोक्यावरून आंघोळ डॉक्टर सांगतील तोपर्यंत नाही. केस धुवायचेच झाले तर मान मागे टाकून, दुसऱ्या कुणीतरी धुवायचे. रात्री झोपताना डोळ्यावर कवच, कारण झोपेत हात कुठे जातो ते आपल्या हातात नसतं. साष्टांग नमस्कार, सूर्यनमस्कार काही दिवस मनातल्या मनात. आणि गोदावरीचं स्नान, मग तो सिंहस्थाचा पर्वकाळ का असेना, डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत नाही. 2027 जवळ आलंय म्हणून आत्ताच सांगतो. पुण्य कुठे पळून जात नाही. रामकुंडाचं पाणी ताज्या जखमेत गेलं तर डोळा जाऊ शकतो. मध, गुलाबपाणी, तूप, कुणाचं नवं-जुनं अंजन, काहीही घालायचं नाही.

थेंब मात्र वेळेवर. हात धुऊन, बाटलीचं टोक डोळ्याला न लावता, दोन औषधांमध्ये पाच मिनिटं सोडून. थेंबांची संख्या आठवड्यागणिक कमी होत जाते आणि साधारण चार-सहा आठवड्यांत ते बंद होतात. खरोखर बंद करायचे. "बरं वाटतं" म्हणून तीच स्टेरॉइडची बाटली दुकानातून पुन्हा पुन्हा आणून घालणारे मी पाहिलेत. त्यानं डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. मोतीबिंदूनं गेलेली नजर परत आणता येते, काचबिंदूनं गेलेली येत नाही.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल. नजर दिवसागणिक सुधारायला हवी. ती आज कालच्यापेक्षा कमी झाली, दुखणं वाढलं, डोळा लालबुंद झाला, किंवा काळे ठिपके, विजेसारखी चमक, कडेनं पडदा उतरल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रविवार असो, अमावस्या असो. आत जंतुसंसर्ग होणं फार क्वचित घडतं, पण घडलं तर बहुधा पहिल्या आठवड्यात, आणि तिथे तासांवर हिशेब असतो. फोन करून "उद्या येतो" म्हणायचं नाही.

माझ्याकडे यायची घाई मात्र करू नका. चौथ्या दिवशी लोक चष्मा करायला येतात. मी परत पाठवतो. जखम भरेपर्यंत नंबर हलत असतो, महिन्या-दीड महिन्यानं स्थिर होतो. तोपर्यंत जवळचं वाचायला तयार, स्वस्त चष्मा घ्या. सगळ्यात अवघड काळ दोन डोळ्यांच्या ऑपरेशनांमधला. एका डोळ्याचा नंबर शून्य झाला, दुसऱ्याचा मायनस पाच तसाच. जुना चष्मा लावला तर एक डोळा बिघडतो, काढला तर दुसरा. जिना उतरताना पायरी चुकते आणि मोतीबिंदूबरोबर कंबरेचंही ऑपरेशन व्हायची वेळ येते. हा काळ लांबवू नका. तोवर ऑपरेशन झालेल्या बाजूची काच काढून द्या असं सांगा, कुठलाही चष्मेवाला दोन मिनिटांत काढून देईल. फरक मोठा असेल तर त्यानंही पुरतं जुळत नाही, म्हणून जिना कठडा धरूनच उतरायचा. आणि पहिल्या डोळ्याचा निकाल बघून दुसऱ्याचं अंतर बदलता येतं, ही या काळातली एकच चांगली गोष्ट. पहिल्यात लांबचं मिळालं, जवळचं सुटल्याची चुटपुट लागली, तर दुसऱ्यात थोडं मायनस ठेवायला सांगा.

वर्षा-दोन वर्षांनी कुणी येऊन म्हणतं, मोतीबिंदू परत आला. तो परत येत नाही. लेन्स ज्या पिशवीत बसवलेली असते तिचा मागचा पापुद्रा गढूळ होतो. याग नावाच्या लेझरनं पाच-दहा मिनिटांत त्याला खिडकी पाडतात, आणि इथे मात्र लेझर खरा असतो.

शेवटी घराघरातल्या एका गोष्टीबद्दल, आणि इथे थोडं रागानं बोलतो. लेन्स निवडायला मुलगा येतो, आई बाकावर बसलेली असते. वडिलांच्या वेळी कागदावरची खालची ओळ आणि आईच्या वेळी, "तिला काय करायचंय, घरातच असते." पैशाचं मी समजू शकतो. पण पैसे न वाढवता जे ठरवता येतं ते अंतरसुद्धा मुलगा परस्पर सांगून टाकतो, "लांबचं दिसलं म्हणजे झालं." घरातच असणाऱ्या बाईचं सगळं काम हाताच्या अंतरावर असतं. तांदूळ निवडणं, सुईत दोरा ओवणं, गोळीच्या पाकिटावरचं नाव, गॅसची ज्योत, पोथी. रस्त्यावरची पाटी तिला महिन्यातून कितीदा वाचायची असते? तिला विचारलं तर ती आधी म्हणेल, "तुम्ही ठरवाल ते." पुन्हा विचारायचं. काही दवाखान्यांत मोजणीच्या आधी एक फॉर्म भरून घेतात, त्यात दिवसभरातली कामं, रात्रीचं वाहन चालवणं, वाचन, चष्म्याची हरकत असे रकाने असतात. जिथे नसतो तिथे आपण एका कागदावर लिहून न्यायचं. तो कागद मुलानं लिहिला तरी चालेल, मजकूर आईचा हवा.

प्रश्नांसाठी अर्धा तास ठेवलाय असं कार्यकर्ते खुणावताहेत. ज्यांचं ऑपरेशन या आठवड्यात आहे त्यांना आधी विचारू द्या, बाकीच्यांना दुकान आहेच.